दुधाविना फ्रूट सॅलड

मराठी घरात फ्रूट सॅलड म्हटले की आधी दूध आठवते. कस्टर्ड पावडर लावून दाट केलेले पिवळसर गार दूध, त्यात केळी, सफरचंद, चिकू, वर डाळिंबाचे दाणे आणि सोबत टम्म फुगलेल्या पुऱ्या. लग्नाच्या पंगतीपासून मुंजीच्या जेवणापर्यंत श्रीखंड-बासुंदीच्या रांगेत या पदार्थाने मानाची जागा मिळवली. यातली कस्टर्ड पावडर मूळची इंग्लंडची. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून १८३७ मध्ये त्यांनी मक्याच्या स्टार्चचे बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. अंडे नाही म्हटल्यावर शाकाहारी स्वयंपाकघरात त्याला कोणी अडवले नाही. केळ्याचे शिकरण आपल्याकडे होतेच. त्याच्या शेजारी हा नवा पाहुणा सहज बसला.

या दुधातल्या फ्रूट सॅलडमध्ये एक फळ मात्र सहसा पडत नाही. ते म्हणजे संत्रे. पुण्या-मुंबईत त्याची उणीव जाणवणार नाही. पण डिसेंबरच्या नागपुरात, जिथे रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, तिथे नाताळच्या सुट्टीतल्या जेवणात फळांचा पदार्थ करायचा आणि त्यात संत्रेच नाही, हे कोणालाही पटू नये.

संत्रे दुधात का चालत नाही, याचे कारण साधे आहे. दुधातले केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात दुधात तरंगत असते. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.७ असतो. त्यात आंबट पडले की सामू खाली येतो, आणि तो ४.६ च्या आसपास पोचला की हे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. संत्र्याच्या रसाचा सामू साडेतीन-चारच्या घरात असतो. त्यात दूध गरम असेल तर ते आणखी लवकर फाटते. संत्र्याची बासुंदी करणारे म्हणूनच दूध आटवून पूर्ण गार करतात आणि वाढायच्या थोडे आधी सोललेल्या फोडी न मोडता अलगद सोडतात. ती जमते, पण तिला सांभाळावे लागते.

दूध आणि संत्रे यांतले एकच निवडायचे असेल, तर डिसेंबरच्या नागपुरात संत्रे निवडावे. एकदा हे ठरले की अख्ख्या पदार्थाची मांडणी बदलते. दुधाने जी कामे केली असती, म्हणजे फळांना ओलावा देणे, सगळ्यांची चव एकत्र आणणे, ती सगळी संत्र्याचा रस करतो. वर आणखी एक काम करतो जे दुधाला कधीच जमत नाही. ते पुढे येईल.

नागपूरकडे संत्रे आले अठराव्या शतकाच्या अखेरीस, भोसल्यांच्या राज्यात. रघुजीराजांनी औरंगाबादेकडून कलमे आणवली, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. विदर्भातल्या काळ्या जमिनीत, उन्हाळ्याची भाजणारी धग आणि हिवाळ्याची कडक थंडी यांत हे झाड असे रुजले की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरपासून अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीपर्यंत त्याचा पट्टा पसरला. या पट्ट्यातले शेतकरी जंभेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात. मुळे जंभेरीची, फळ संत्र्याचे. १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र नागपुरातच उभे राहिले, जे आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

सॅलड करणाऱ्याने या सगळ्यापेक्षा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, ती म्हणजे बहार. संत्र्याचे झाड पाण्याच्या ताणावर फुलते. शेतकरी काही आठवडे पाणी तोडतो, झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, आणि मग पाणी मिळाले की झाड फुलाने भरून जाते. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरलेला तो आंबिया बहार. त्याची फळे पावसाळा संपता संपता यायला लागतात आणि डिसेंबरपर्यंत चालतात. मृग नक्षत्राच्या पावसावर, जून-जुलैत फुललेला तो मृग बहार; त्याची फळे हिवाळा सरता सरता सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतात. आंबियाचे संत्रे थोडे आंबट, मृगाचे अधिक गोड. मृगाला मात्र पावसाने दगा दिला की बहार फुटतच नाही, आणि शेतकऱ्याचे वर्ष हातचे जाते. बाजारात फळ उचलताना ग्राहकाच्या हे ध्यानीही येत नाही, पण त्या फळामागे पाणी कधी तोडायचे आणि कधी सोडायचे याचा जीव टांगणीला लावणारा निर्णय असतो.

नाताळच्या आठवड्यात हाती येते ते आंबियाचे शेवटचे फळ. ऑक्टोबरात याच बहाराची संत्री हिरवट दिसत होती. रात्री गार व्हायला लागल्या की सालीतले हरितद्रव्य विरत जाते आणि खालचा केशरी रंग वर येतो, म्हणून डिसेंबरचे संत्रे रंगाने उजळ असते. नागपूरची थंडी त्या बाबतीत हात राखून वागत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या या फळात आंबटपणा उतरलेला असतो, पण गेलेला नसतो. फ्रूट सॅलडला नेमके असेच फळ लागते. मृगाचे अतिगोड संत्रे नुसते खायला उत्तम. पपई-केळ्यासारख्या गोड फळांच्या संगतीत मात्र त्याची धार कमी पडते.

खरेदीला कळमन्याच्या बाजारात जाण्याची गरज नाही. तिथला व्यवहार ठोकाचा, क्रेटने आणि गाडीने. कॉटन मार्केट किंवा बर्डीवरच्या ठेल्यावर संत्रे हातात घेऊन बघावे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. पण साल फुगलेली आणि फळ आकाराच्या मानाने हलके लागले तर ते पोचट निघण्याची शक्यता जास्त: आतल्या फोडी कोरड्या, रस आटलेला. दोन सारख्याच आकाराची संत्री दोन हातांत घ्यावीत आणि जड असेल ते ठेवावे. आणखी एक सावधगिरी हवी. याच दिवसांत पंजाबकडचा किन्नूही ठेल्यावर असतो. गुळगुळीत, चकचकीत, साल अंगाला घट्ट चिकटलेली. हे फळ कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी दोन जातींच्या संकरातून तयार केले आणि १९३५ मध्ये लागवडीसाठी दिले. रस त्याला भरपूर, पण बियाही भरपूर. रस काढायला किन्नू चालेल. फोडी मात्र नागपुरी संत्र्याच्याच घ्याव्यात, कारण त्या सुटतात सहज आणि त्यांत बिया कमी.

संगतीला कोणती फळे घ्यायची? इथेही ऋतूचेच ऐकावे. पहिला मान पेरूचा. महाराष्ट्रात घरोघरी खाल्ला जाणारा सरदार पेरू, ज्याला बागायतदार अजूनही एल-४९ म्हणतात, तो पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात १९२७ मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडला. जीवनसत्त्व क म्हटले की लोक संत्र्याकडे बोट दाखवतात, पण शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते आणि संत्र्याच्या गटातल्या सैल सालीच्या फळांत तीसच्या आत-बाहेर. दोघे एकाच वाडग्यात आले तर हिवाळ्याच्या जेवणाला याहून चांगली जोड नाही. पेरू पिकून मऊ झालेला नको. दाताखाली कुरकुरणारा, नुकताच पिवळा पडू लागलेला हवा. मधल्या बिया काढून टाकाव्यात, नाहीतर खाणाऱ्याचे अर्धे लक्ष दातांत जाते.

त्यानंतर पपई, डाळिंब, बोरे. डाळिंब भगवा जातीचे मिळाले तर बघायलाच नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या या जातीचे दाणे गडद लाल आणि बिया मऊ. बोरे संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी राखून ठेवण्याची पद्धत असली, तरी डिसेंबरात ती यायला लागलेली असतात. मोठी, हिरवट-पिवळी बोरे बाठीभोवती चार काप देऊन घ्यावीत. द्राक्षांचा खरा हंगाम अजून दूर असतो, तेव्हा आंबट द्राक्षे उगाच घालू नयेत. चिकू सॅलडचा रंग मळवतो. सीताफळ याच सुमारास संपत आलेले असते; त्याचा गर सुटून सगळ्यात मिसळतो, म्हणून ते वेगळेच खावे.

आणि शिंगाडा. फ्रूट सॅलडच्या यादीत याचे नाव कोणी घेत नाही, पण विदर्भाच्या हिवाळ्यात तो घ्यायलाच हवा. भंडारा-गोंदियाच्या तलावांत धीवर समाजाची माणसे हिवाळ्याच्या पाण्यात उतरून शिंगाडे काढतात. शहरात ते काळ्या सालीचे उकडलेले शिंगाडे म्हणून दिसतात आणि रस्त्यावर उभ्यानेच खाल्ले जातात. सॅलडसाठी हिरवे, ताजे शिंगाडे आणावेत. ते तलावाच्या गाळापाण्यात वाढतात आणि त्यांच्या सालीबरोबर पोटात जाऊ नयेत असे जंतू येऊ शकतात, म्हणून कच्चे खाऊ नयेत. स्वच्छ धुऊन पाच-सात मिनिटे खळखळ उकळावेत, मग सोलावेत. एवढ्या उकळीनेही त्यांचा कुरकुरीतपणा बराचसा टिकतो. गोडसर, पांढरा, जवळजवळ निर्विकार चवीचा हा काप संत्र्याचा रस पिऊन घेतो आणि चावताना कुरकुरतो.

ही जोडणी नागपुरातच सुचावी अशी असली तरी जगात तिचे भाईबंद आहेत. मेक्सिकोत नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणासाठी खास सॅलड करतात: संत्री, बीट, डाळिंबाचे दाणे, भाजलेले शेंगदाणे आणि हिकामा नावाचा पांढरा, रसदार, कुरकुरीत कंद. शिंगाड्याचे काम तिथे हिकामा करतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात एकोणिसाव्या शतकापासून नाताळात संत्र्याच्या चकत्या आणि खोवलेला नारळ यांचे थर लावून गोड पदार्थ करतात. त्याला त्यांनी अमृताच्या अर्थाचेच नाव दिले. सिसिलीत संत्र्यावर चक्क मीठ, मिरी आणि ऑलिव्हचे तेल पडते. उत्तर गोलार्धात लिंबूवर्गीय फळे थंडीत पिकतात, त्यामुळे हिवाळ्याच्या सणाचे फळ संत्रेच ठरले. मेक्सिकोच्या शेंगदाण्यांची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. भाजून, साल काढून जाडसर कुटलेले शेंगदाणे मराठी घरात कधीही हाताशी असतात.

आता प्रत्यक्ष काम. आठ माणसांसाठी दहा संत्री, दोन पेरू, अर्धी मध्यम पपई, एक डाळिंब, मूठभर बोरे, दहा-बारा शिंगाडे आणि दोन केळी पुरतात. सगळी फळे आधी धुवावीत, सोलायची असली तरी. सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. सुरी स्टीलची घ्यावी. लोखंडी विळीने पेरू, केळे चिरले की त्यांतले टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पडतात.

वेळ लागतो तो संत्री सोलायला, आणि तो द्यावा. साल उतरवली की फोडींवर पांढऱ्या दोऱ्यांची जाळी राहते. ती बोटांनी ओढून काढावी. मग एक-एक फोड घ्यायची, तिच्या आतल्या सरळ कडेला, जिथे ती मधल्या देठाला चिकटलेली असते, तिथे सुरीचे टोक लावून बारीकशी चीर द्यायची. दोन्ही अंगठ्यांनी पापुद्रा उघडला की आत रसाचे टपोरे, लांबट थेंब एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. पापुद्रा मागे मुडपत तो सगळा गर एकसंध बाहेर येतो. मधल्या टोकाला असलेल्या बिया तेवढ्यात निघून जातात. पहिल्या दोन-चार फोडी मोडतील. मोडू द्याव्यात, त्यांचा रस वाया जात नाही. हे काम सुट्टीतल्या मुलांना द्यायला उत्तम; सालीतले तेल दिव्याच्या ज्योतीवर उडवून तडतडवण्याचा उद्योग ती आपण होऊन शोधतातच.

इतका खटाटोप का, पापुद्र्यासकट फोडी घातल्या तर काय बिघडते? बिघडते चव. संत्र्याच्या पापुद्र्यात आणि बियांत एक असे द्रव्य असते जे मुळात कडू नसते. फळ चिरडले की ते आंबट रसाच्या संपर्कात येते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन होते, जे चांगलेच कडू. ताजा काढलेला रस गोड लागतो आणि काही तासांनी तोच रस कडवट होतो, त्याचे कारण हे. म्हणून आठ संत्र्यांच्या फोडी सोलाव्यात, उरलेल्या दोहोंचा रस काढावा, आणि तोही बाकीची फळे चिरायच्या अगदी आधी, बिया न चिरडता, हलक्या हाताने. मिक्सर नकोच.

दुधाला न जमणारे काम ते आता. पेरू, केळी, सफरचंद चिरली की हवा लागून तपकिरी पडतात. फळाच्या पेशी फाटल्या की त्यांतले एक विकर प्राणवायूच्या मदतीने त्यांतल्याच द्रव्यांचा रंग बदलते. संत्र्याच्या रसातले आम्ल त्या विकराला मंदावते आणि जीवनसत्त्व क रंग धरण्याआधीच ती प्रक्रिया उलटवते. म्हणून पेरू चिरून झाला की लगेच रसात पडावा, नुसता परातीत पडून राहू नये. केळे तर वाढण्याच्या पाच मिनिटे आधी.

साखर घालू नये. संत्र्याच्या रसात स्वतःचीच दहा-बारा टक्के विद्राव्य घटकांची गोडी असते. वरून साखर भुरभुरली की ती फळांतले पाणी बाहेर ओढते. अर्ध्या तासात पपई लिबलिबीत होते आणि भांड्याच्या तळाशी पाक साठतो. त्याऐवजी चिमूटभर मीठ घालावे. मीठ कडवटपणा दाबते आणि दाबलेला कडवटपणा गोडीला वाट करून देतो, हे चवीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सोबत भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याच्या रसाचे काही थेंब, दोन-तीन पुदिन्याची पाने. एखाद्या संत्र्याची केशरी साल, पांढऱ्या भागाला न खरवडता, किंचित किसून घातली तर सुगंध दरवळतो. ते संत्रे थेट बागेतले असावे. बाजारातल्या काही फळांवर मेणाचा हात दिलेला असतो.

कोणाला दही किंवा साय घालायची हौस असेल तर अननस आणि किवी दूर ठेवावेत. या दोन्ही न शिजवलेल्या फळांतली विकरे दुधाची प्रथिने तोडतात आणि थोड्याच वेळात सगळे कडू होते. पण खरे तर सायीची गरजच नाही.

फ्रिजचीही नाही. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते आणि सुगंधही दबतो. डिसेंबरच्या नागपुरात ओट्यावरच फळे पुरेशी गार राहतात. मात्र चिरल्यापासून दोन तासांच्या आत ती संपवावीत.

आणि हे वाढायचे कशाबरोबर? सुट्टीत नागपूरकर शेताची वाट धरतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, तुपात बुडवून कुस्करलेले, त्यावर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. अशा जेवणानंतर दुधातले दाट गोड पोटाला जड जाते. संत्र्याच्या बागेतच पंगत असेल तर फोडी सोलायला तिथेच बसावे, झाडावरून उतरवलेल्या फळांच्या. शेंगदाण्याचा कूट वाढताना वर घालावा, आधी घातला तर तो ओला होऊन बसतो. नागपूरच्या सदर भागात नाताळच्या दिवशी केक आणि करंज्यांच्या ताटाशेजारी ठेवायचे असेल, तर शेंगदाण्यांऐवजी खोवलेले ओले खोबरे चांगले लागते.

उरलेच तर दुसऱ्या दिवशी वाडग्यात ठेवू नये. त्यातला रस गाळून घ्यावा, निम्मी साखर घालून मंद आचेवर तार येण्याच्या जरा आधीपर्यंत आटवावा. लिमोनिनमुळे तो किंचित कडसर होईल; गरम पोळीवर तुपाबरोबर तो तसाच छान लागतो.